‘मग उरतं काय?’ असं विचारणाऱ्या कोथरूडच्या ताईंना

पत्र

मी ४९ वर्षांची. बँकेत नोकरी, कोथरूडला स्वतःचा फ्लॅट. मुलगी बंगळूरला नोकरीला लागली. मिस्टर त्यांच्या कामात. सासूबाई (७८) आमच्याकडेच असतात. तक्रार करावी असं खरं तर काही नाही, पण गेलं वर्षभर सगळं पोकळ वाटतंय. सकाळी साडेपाचला उठायचं, चहा, सासूबाईंचं पथ्याचं, दोन डबे, मग बँक, येताना भाजी, परत स्वयंपाक. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की वाटतं, हे कशासाठी? मैत्रिणींनी आग्रह केला म्हणून मुळशीला ‘जीवनहेतू’ शोधण्याचं शिबिर केलं. तिथे कागदावर पाच ध्येयं लिहायला सांगितली. मला एकही धड सुचलं नाही. सासूबाईंचं बरं आहे, त्यांना देव आहे. श्रावण लागला की त्यांना दिवस पुरत नाही. मला देव नाही. हरितालिकेला, गणपतीला मंडईतून पत्री आणते ती निव्वळ हमाली म्हणून. त्यांचं बोलणंही तेच तेच. त्या मूळच्या शनिवार पेठेतल्या; घरात काही सापडलं नाही की म्हणतात, ‘पुरात गेलं!’ माळ्यावर त्यांचे पितळेचे दिवे, अडकित्ते, बंब पडून आहेत. मोडीत काढू म्हटलं की वाद. देव नाही, ध्येय नाही, मुलगी लांब. मग उरतं काय? नोकरी सोडून काही अर्थपूर्ण करावं का?

— एक वाचक, कोथरूड

उत्तर

ताई,

आधी साडेपाचचं बघू, अर्थाकडे नंतर येऊ. तुमच्या पत्रात पहाटेपासून रात्रीपर्यंतचा सगळा हिशोब आहे आणि त्यात यजमानांच्या वाट्याला ‘मिस्टर त्यांच्या कामात’ एवढे तीन शब्द आलेत. दोन डब्यांतला एक त्यांचाच असणार. बँकेत तुम्हीही कामातच असता की! तेव्हा रात्री पाठ टेकल्यावर पडणारा प्रश्न निम्मा तरी दमणुकीचा आहे. तो तत्त्वज्ञानाच्या खात्यावर जमा करू नका. आठवड्यातले काही दिवस सकाळ त्यांच्याकडे द्या. पोळ्या येत नसतील तर कोथरूडमध्ये पोळ्या करून देणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत. त्यांना निरोप देणं, पैसे देणं, डबा भरणं हे पुरुषाला नक्की जमतं. सुरुवातीला भाजी खारट होईल. होऊ दे, त्यांनाच खायची आहे.

दुसरं तुमच्या वयाचं. पाळी जाण्याच्या आगेमागे झोप उडते, चिडचिड होते आणि मन उगाचच खाली बसतं. त्याच सुमाराला हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ यांतलं काही घसरलेलं असलं तरी सगळं पोकळ वाटू शकतं. एकदा रक्त तपासून घ्या, स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोला. आणि पोकळ वाटण्याच्या पुढे जाऊन ‘नकोच हे जगणं’ असं कधी मनात आलं, तर माझ्या उत्तराची वाट बघायची नाही. १४४१६ ही मानसिक आधारासाठीची सरकारी टेलिमानस सेवा दिवसरात्र चालू असते, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

हे झाल्यावरही प्रश्न उरेलच, हे मला मान्य आहे. त्याच्याकडे वळते.

शिबिरात तुम्हाला एकही ध्येय सुचलं नाही, याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही. ‘तुमचा जीवनहेतू काय?’ हा प्रश्न विचारणाऱ्याच्या सोयीचा असतो. उत्तर येत नाही म्हणून माणूस ओशाळतो आणि पुढच्या शिबिराचे पैसे भरतो. आपल्या आज्या-पणज्यांना हा प्रश्न कुणी विचारला असता तर ‘मेल्या, तुला काही उद्योग नाही का’ असं उत्तर आलं असतं. त्यांचं आयुष्य सुखाचं होतं असं मी म्हणत नाही, बहुतेकींचं नव्हतंच. पण अर्थ ही हुडकून काढायची वस्तू आहे, असं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. विरजण लावलेलं भांडं सारखं हलवून बघितलं तर दही लागत नाही. तुम्ही गेलं वर्षभर भांडं हलवताय.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र मी परत परत वाचलं. ‘सासूबाईंचं बरं आहे, त्यांना देव आहे.’ असेल. पण त्यांना आघाडाही माहीत आहे, दूर्वा कुठल्या निवडायच्या हे माहीत आहे, कुठल्या शुक्रवारी काय आणि कुणाकडे किती वाजता जायचं हे माहीत आहे. श्रावणात त्यांना दिवस पुरत नाही तो काही निव्वळ भक्तीमुळे नाही. आजूबाजूच्या हजार बारीकसारीक गोष्टींशी त्यांची जुनी ओळख आहे आणि त्या गोष्टी दरवर्षी त्यांना हाक मारतात. देव तुम्हाला उसना घेता येणार नाही, मी सुचवणारही नाही. ही ओळख मात्र घेता येते. तिला श्रद्धेची अट नाही. आणि ती देणारी बाई तुमच्याच घरात, शेजारच्या खोलीत बसलीय.

पत्रीपासूनच सुरू करू, नाहीतरी ती पिशवी तुम्हीच वाहून आणता. या भाद्रपदात मंडईत जाल तेव्हा वाटा उचलून लगेच चालू पडू नका. गणपतीला एकवीस प्रकारची पानं सांगितलीत: आघाडा, दूर्वा, माका, बेल, शमी, धोतरा, रुई, कण्हेर, डोरली, बोर, डाळिंब, अर्जुन, पिंपळ, मरवा, जाई, केवडा, विष्णुक्रांता अशी. एरवी गणपतीला न चालणारी तुळससुद्धा त्या दिवशी चालते. यादीत देवदारही आहे. तो हिमालयातला वृक्ष, त्यामुळे पुण्याच्या वाट्यात त्या नावाखाली नेमकं काय बांधून येतं, हे एकदा जुडी सोडून बघाच. विकणाऱ्या मावशींना विचारा, त्या हसतील आणि खरं सांगतील. ज्या इमारतीच्या सावलीत हा बाजार बसतो ती अष्टकोनी मंडई १८८६ची, तेव्हाचं नाव रे मार्केट. जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य होते आणि त्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. पैसा शिक्षणावर घाला म्हणत होते. आज ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. पुण्याचा हा स्वभाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

घरी आल्यावर वाट्यातला आघाडा वेगळा काढा. त्याचा लांब तुरा असतो ना, त्यावरून शेंड्याकडून बुडाकडे बोट फिरवा, सुळकन जाईल. उलट फिरवा, टोचेल. कळीत असताना त्याची फुलं वर बघत असतात, मग हळूहळू खाली वळून दांड्याला चिकटून बसतात आणि त्यांची टोकं बोचरी होतात. शेजारून गाय गेली, कुत्रं गेलं, तुमच्या साडीचा काठ गेला, की बी त्याला लटकून पुढच्या गल्लीत. म्हणून पावसाळ्यात तो तुमच्या सोसायटीच्या भिंतीलगत, पाण्याच्या टाकीमागे, बंद पडलेल्या स्कूटरखाली कुठेही उगवलेला दिसतो. माळी उपटतो, तो परत येतो. सासूबाई जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ घालत असतील, तिच्यासाठी पैसे टाकायची खरं तर गरज नाही. दहा पावलांवर आहे.

रुईचं तर आणखी मजेदार आहे. शनिवारी मारुतीला ज्या पानांच्या माळा घालतात तीच ही. पान तोडलं की पांढरा चीक येतो, तो डोळ्याला लागू देऊ नका, विषारी असतो. तरी एका केशरी फुलपाखराची अळी हीच पानं खाऊन वाढते. पंखांना काळी कड, तिच्यावर पांढरे ठिपके, असं ते फुलपाखरू तुम्ही कर्वे रस्त्याच्या दुभाजकावरसुद्धा पाहिलं असेल. पानातलं विष अळी अंगात साठवते आणि ते फुलपाखरात उतरतं. एखाद्या पक्ष्यानं एकदा खाल्लं की तोंड वाईट होऊन परत त्या रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणून हे फुलपाखरू निवांत, रमतगमत उडतं. आणि दुसऱ्या एका बिनविषारी फुलपाखराची मादी अगदी हाच वेष घेऊन हिंडते, फुकटचं संरक्षण मिळतं म्हणून! तुमच्या पूजेच्या तबकात ही सगळी भानगड पडलेली असते, आणि तुम्ही तिला हमाली म्हणता.

रुईची पानं उलटी करून बघा. खाली काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या पट्ट्यांची अळी सापडली तर पान जागेवर राहू द्या. सासूबाईंना हाक मारून दाखवा. त्यांना बहुधा आधीच माहीत असेल. नसेल तर तुम्ही त्यांना काहीतरी नवं दिलंत. तुमच्यात हे शेवटचं कधी झालं होतं?

आता ‘पुरात गेलं’बद्दल. तुम्ही हे तेच तेच बोलण्याच्या यादीत टाकलंय आणि मला तिथे थांबावंसं वाटलं. सासूबाई आज ७८ च्या, म्हणजे १९६१ साली तेरा-चौदा वर्षांची मुलगी, शनिवार पेठेत राहणारी. १२ जुलै १९६१, बुधवार. पानशेतचं धरण अजून पुरतं बांधून व्हायचं होतं. भिंत खचायला लागली तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ती धरून ठेवली. सकाळी ती फुटली. लोंढा खाली खडकवासल्यावर आला आणि १८७९ पासून उभं असलेलं तेही धरण त्याच दिवशी गेलं. मुठेचं पाणी पेठांत शिरलं, लकडी पूल पाण्याखाली गेला, नारायण, शनिवार, कसब्यातले मातीचे वाडे भिजून भिजून बसले. पाणी दिवसाउजेडी आलं म्हणून पुष्कळ माणसं वाचली, ती त्या पोत्यांमुळे. नंतर पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या आणि नदीकाठचं पुणं टेकड्यांच्या दिशेनं सरकलं. तुम्ही ज्या कोथरूडमध्ये फ्लॅट घेतलात ते तेव्हा शेतांचं गाव होतं. शहर असं पसरलं त्याला त्या दिवसाचाही हात आहे.

इतकं कुठल्याही वर्तमानपत्राच्या जुलैतल्या पुरवणीत मिळतं. तुमच्या सासूबाईंकडे आहे ते कुठेच मिळत नाही. ‘पूर कसा होता हो?’ असं विचारू नका, मोठ्या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर येतं. बारीक विचारा. त्या सकाळी शाळेत गेला होतात का? पाणी आलंय हे आधी कुणी सांगितलं? कुणाच्या गच्चीवर गेलात, घरातून बाहेर पडताना हातात काय घेतलं होतं? परत आल्यावर आधी काय धुतलं? चिखलातून काय सापडलं आणि काय सापडलं नाही? माझा अंदाज असा, की ज्या ‘पुरात गेलं’ला तुम्ही वैतागता त्याच्यामागे एखादी अगदी ठरावीक वस्तू असेल, आणि ती कोणती हे आजवर त्यांना कुणी विचारलं नसेल. त्या बोलायला लागल्या की फोनवर आवाज टिपून ठेवा, मुलीला पाठवा. तिला बंगळूरमध्ये आजीचा आवाज मिळेल. पण रेकॉर्डिंग करायचं म्हणून बोलायला बसवू नका, त्या सावध होतील आणि मुलाखत देतील. शेंगा सोलताना, पालेभाजी निवडताना विषय काढा.

कदाचित त्या नाही म्हणतील. काहींना तो दिवस परत नको असतो. मग आग्रह धरू नका. घरात इतर विषय आहेत, आणि त्यातला एक माळ्यावर चढवून ठेवलाय.

त्या पितळेच्या सामानाचा वाद मी सोडवणार नाही, पण मोडवाल्याला हाक मारण्यापूर्वी दोघींनी मिळून एक चक्कर मारा. बाजीराव रस्त्याजवळ नातूबागेपाशी राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. शाळेच्या सहलीत बघितलं असेल आणि मस्तानी महालापलीकडे काही आठवत नसेल, बहुतेकांचं तसंच होतं. आत्ता या वयात बघा. दिनकर केळकर हे ‘अज्ञातवासी’ नावानं कविता लिहिणारे गृहस्थ. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पत्नी कमलाबाईंच्या साथीनं ती आयुष्यभर चालू ठेवली. लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहाला दिलं. १९७५ मध्ये हा सगळा ठेवा त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. राजेरजवाड्यांच्या तलवारी जमवणारे पुष्कळ होते. यांनी अडकित्ते जमवले, दिवे, दौती, फण्या, कुंकवाचे करंडे, स्वयंपाकघरातली यंत्रं, आणि वज्र्या!

वज्रीपाशी जरा थांबा. अंघोळीच्या वेळी टाचा घासायची ही वस्तू. घासायचा भाग खालचा, खडबडीत, तो कुणाला दिसणार नाही. वरच्या बाजूला मात्र कुणा कारागिरानं पितळेत मोर बसवलाय, कुठे हत्ती, कुठे घोडा. न्हाणीघरात, पाय घासताना, एकट्या बाईच्या हाताशी असणाऱ्या वस्तूवर मोर कशासाठी? त्यानं टाच जास्त स्वच्छ होत नाही. अडकित्त्यांचंही तसंच. सुपारी कातरायला दोन पाती आणि एक खीळ पुरते, पण तिथे घोडे आहेत, पोपट आहेत, एकमेकांकडे तोंड केलेली जोडपी आहेत. त्या बायांना आणि बाप्यांना रोजची सुपारी, रोजची टाच साजरी करायला फुरसत होती असं नाही. रोज लागणारं आहे तर ते बघावंसं असावं, इतका साधा हट्ट. तुमच्या ‘कशासाठी’ला मला सुचणारं हेच सर्वांत जवळचं उत्तर आहे, आणि ते मी तुम्हाला समजावण्यापेक्षा तुम्ही काचेला नाक लावून बघितलेलं बरं.

तिथून आल्यावर माळा काढा. सासूबाईंना स्टुलाशेजारी बसवा, एकेक वस्तू खाली येऊ दे, कुणी दिली, कुठून आणली, कशाला वापरायची. नंतर त्या स्वतःच म्हणतील, ‘हे दे मोडीत, याला कान नाही.’ बंबाला पोचे आले असतील तर कसब्यातल्या तांबट आळीत दाखवा, तिथे अजून हातोडीचं काम चालतं. बाकी अर्धं सामान गेलं तरी चालेल. सगळं जपलंच पाहिजे या मताची मी नाही. दोन बेडरूमच्या फ्लॅटचं संग्रहालय करू नये.

घराबाहेरचं म्हणाल तर तुमच्यासारख्या नशीबवान माणसाला मी काय सांगावं? कोथरूडहून वेताळ टेकडी हाकेच्या अंतरावर. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, शहरातला सर्वांत उंच भाग. लोक कानात बोंडुकं घालून पावलं मोजत जातात आणि पावलं मोजून परत येतात. तुम्ही जुन्या खाणीपाशी थांबा. कापलेल्या कड्यात आडवे थर दिसतात, ते लाव्हाचे. एकावर एक वाहून थिजलेले, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. दगडात कुठे पांढरे चमकते ठिपके असतील, ते लाव्हातल्या हवेच्या बुडबुड्यांत पुढे सावकाश जमलेले स्फटिक. असल्या स्फटिकांसाठी पुण्याचा परिसर जगभर ओळखला जातो; वाघोलीच्या खाणीतलं निळंशार कॅव्हनसाइट परदेशी संग्रहालयांत मानानं बसलंय आणि वाघोलीत ते कुणाला माहीत नाही. याच काळ्या पाषाणात आठव्या शतकाच्या सुमारास कुणी पाताळेश्वराचं लेणं कोरायला घेतलं, गोल नंदीमंडपासकट, आणि अर्धवट सोडून दिलं. जंगली महाराज रस्त्यावरून तुम्ही त्याच्या शेजारून किती वेळा गेला असाल!

आत्ता जून आहे. पावशा ओरडून ओरडून थकला असेल आणि दक्षिणेकडून नवरंग आला असेल. टेकडीवरच्या झाडोऱ्यात पहाटे दोन सुरांची शीळ ऐकू आली की समजायचं, तोच. चिमणीपेक्षा थोडा मोठा, तोकड्या शेपटीचा, पोटाखाली लाल. इथे विणीसाठी येतो, पावसाळा संपला की जातो. दिसेलच याची खात्री नाही, पालापाचोळ्यात उड्या मारत असतो. शीळ तरी ओळखीची करून घ्या. पुढच्या वर्षी मेअखेरीला तुमचे कान आपोआप तिकडे लागतील, आणि तो आला नाही तर तुम्हाला चुकचुकल्यासारखं होईल. माझं म्हणणं काय आहे ते तेव्हा कळेल. २०२३ च्या एप्रिलमध्ये टेकडीवरून रस्ता नेण्याच्या प्रस्तावाविरुद्ध पुणेकर मोर्चा घेऊन निघाले, त्यात रोज तिथे चढणारे पुष्कळ होते. त्यांच्यापैकी कुणी ‘माझा जीवनहेतू टेकडी’ असं कागदावर लिहून दिलं असेल असं वाटत नाही.

शून्य सावली कधी बघितलीय? पुणे १८.५ अक्षांशावर, सूर्य कर्कवृत्तापर्यंत जाऊन परत येतो, म्हणून वर्षातून दोनदा तो आपल्या बरोबर डोक्यावरून जातो: १३ मेच्या सुमारास आणि जुलैच्या अखेरीस. तेव्हा भर दुपारी, साडेबारा वाजून गेल्यावर, अंगणात उभा केलेला तांब्या बिनसावलीचा होतो. जुलैत बहुधा ढगच असतात, त्यामुळे मेवरच भिस्त ठेवावी. बँकेत जेवणाच्या सुट्टीत दारात पाण्याची बाटली उभी करून बघता येईल. एकटीनं बघू नका. कॅशियरपासून शिपायापर्यंत सगळ्यांना बाहेर काढा.

आणि पालख्या. ज्ञानोबांची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते. देव नसलेल्या माणसानंही त्या दिवशी तिकडे जावं असं माझं ठाम मत आहे. कुणी वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देत असतो, कुणी दाढी करून देत असतो, कुणी पाय चेपत असतो. पाय चेपणाऱ्याला ‘तुमचा विश्वास आहे का’ असं तिथे कुणी विचारत नाही.

एक ताकीद. हे सगळं वाचून तुम्ही वही आणाल, रकाने आखाल, रविवारी टेकडी, सोमवारी संग्रहालय. बँकेतल्या माणसाची मला तीच धास्ती आहे! तसं नको. पुण्यात कुठल्याही दुःखावर क्लास असतो. मोडी लिपीचा आहे, पक्षीनिरीक्षणाचा आहे, चांगलेही आहेत, पण आत्ता तुमच्या दिवसात आणखी एक हजेरी घालू नका. वरच्यातलं एकच घ्या. मला विचाराल तर आघाडा, कारण तो खाली दाराशी आहे आणि त्यासाठी घरातल्या कुणाची परवानगी लागत नाही. आणि त्याचे फोटो कुठे टाकू नका, निदान एक पावसाळा.

नोकरीचं राहिलं. आत्ता सोडू नका. दमलेलं असताना घेतलेला निर्णय विश्रांतीच्या बाजूनं पडतो आणि आपण त्याला अर्थ म्हणतो. शिवाय आज नोकरी सोडलीत तर तिसऱ्या दिवसापासून दोन्ही वेळचा स्वयंपाक कायमचा तुमच्या गळ्यात पडेल, हे लिहून ठेवा. गणपतीच्या आगेमागे आठवडाभराची रजा टाका, सकाळचं वाटप आधी मार्गी लावा, रक्ताचे रिपोर्ट हातात येऊ द्या. दिवाळीनंतरही सोडावीशी वाटली तर पुन्हा पत्र लिहा. त्यात पेन्शन किती बसेल, ग्रॅच्युइटी किती, फ्लॅटचे हप्ते राहिलेत का आणि सासूबाईंच्या औषधांना महिन्याला किती जातात, एवढं सगळं लिहा; मग नीट बोलू.